लेंटचे सहा रविवार: आणखी कार्यक्रम नकोत, कबुलीला जागा द्या

ताई, प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही सोलापुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) सेक्रेटरी आहात. लेंटच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे राखेच्या बुधवारपासून, रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थना, शुक्रवारी उपास-प्रार्थना, रविवारी पाहुणे वक्ते आणि अडीच तासांची भक्ती, असा तुमच्याकडचा लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाचा, क्रम. पहिल्या आठवड्यात बसायला जागा पुरत नाही, तिसऱ्या आठवड्यात निम्मे बाक रिकामे. ईस्टरला पुन्हा गर्दी, आणि त्यानंतर मंडळी होती तिथेच. "आत्मिक नवीकरण व्हावं म्हणून रविवारच्या भक्तीत आणखी काय घालावं?" असं तुम्ही विचारलंत.

मी तीसहून अधिक वर्षं पाळक म्हणून सेवा केली, त्यातली बरीचशी सोलापूर शहरात आणि जिल्ह्यातल्या लहान मंडळ्यांत. सुरुवातीची कितीतरी वर्षं मीही "आणखी काय घालावं" हेच शोधत होतो. आज माझं मत पक्कं झालंय. तुमच्या रविवारात घालायचं काहीच नाही. त्यात आधीपासून असलेली एक गोष्ट आज दीड मिनिटात उरकली जाते, तिला जागा करून द्यायची आहे. ती म्हणजे पापकबुली, आणि तिच्यामागोमाग येणारं क्षमेचं वचन. पुढे जे सांगतोय ते सगळं या एका गोष्टीसाठीच आहे.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतील. तुमची मंडळी कोणत्या पंथाची यावर भक्तीचा क्रम किती हलवता येतो ते अवलंबून. कॅथलिक किंवा सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत क्रम छापलेला असतो, स्वतंत्र मंडळीत पाळकाच्या हातात असतो. तुमच्या पाळकांकडे एकच मंडळी आहे, की रविवारी ते शहरातली भक्ती आटोपून दोन खेड्यांत जातात? तसं असेल तर त्यांच्या दमणुकीचा विचार आधी करा. आणि सोलापूर आहे, तेव्हा घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या आज्या बाकावर असणारच. त्यांना छापील मराठी कबुली कितपत पोचते तेही बघा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यातलं काहीही पाळक साहेबांना आणि पंचांना, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांना, डावलून करू नका. आधी त्यांच्यासोबत बसा.

तुमच्याकडे एखादे जुने वडील म्हणत असतील की "लेंट हे आपलं नव्हेच". त्यांना गप्प करू नका, त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. सोलापुरात एकोणिसाव्या शतकात काम उभं केलं ते अमेरिकन मराठी मिशनने. ते मिशनरी मूळचे काँग्रिगेशनल परंपरेतले (जिथे प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच पाहते), आणि त्या परंपरेत राखेचा बुधवार, लेंट वगैरे पाळण्याची सक्ती नव्हती. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकनही (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले) होते, आणि त्यांच्याकडचं पंचांग हळूहळू इतरांकडेही आलं. म्हणजे आपल्याकडच्या पुष्कळ घरांत लेंट ही आजोबांची सवय नाही, नातवंडांची आहे. म्हणूनच बहुधा आपण ती कार्यक्रमांनी भरतो. तिच्या आत काय आहे ते कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

आत काय आहे ते मोजणीतच दिसतं. 2026 घ्या. राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला, ईस्टरच्या आदला शनिवार 4 एप्रिलला. दोन्ही दिवस धरून मोजलं तर 46 भरतात. मग चाळीस कसे? मधले 6 रविवार उपासात धरतच नाहीत. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी मंडळीने उपाशी आणि उदास बसायचं नाही, असा जुना नियम आहे. रविवार लेंटच्या आत असतो, पण लेंटचं ओझं त्याच्यावर नसतं. मीही एक चूक सलग चार-पाच वर्षं केली. रविवारीसुद्धा भक्ती संपेपर्यंत उपास ठेवा असं सांगायचो. उन्हात आलेली माणसं, उपाशी, आणि वर दोन तास पापावर उपदेश. घरी जाताना त्यांच्या चेहऱ्यावर ताजेपणा काही दिसायचा नाही.

दुसरी गोष्ट, हे चाळीस दिवस मुळात कशाकरता होते? इ.स. 325 मध्ये नायसिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेच्या नियमांत या चाळीस दिवसांचा उल्लेख येतो. त्या काळच्या मंडळ्यांत लेंटची दोन मोठी कामं असायची. ईस्टरला बाप्तिस्मा घेणाऱ्यांची तयारी, आणि मंडळीपासून तुटलेल्यांना परत घेण्याची तयारी. एक नवीन माणसाला आत आणायचं, दुसरं रुसलेल्या किंवा पडलेल्या माणसाला परत आणायचं. हे ध्यानात आलं आणि मी माझ्या लेंटच्या यादीतले निम्मे कार्यक्रम काढून टाकले, कारण ते या दोन्हींपैकी एकाही कामाचे नव्हते.

आता कबुलीकडे येतो. बहुतेक ठिकाणी पुढारी म्हणतो, "आपण आपली पापं आठवू या," आणि लोकांनी डोळे मिटेपर्यंत छापील प्रार्थना सुरूसुद्धा होते. त्या दहा सेकंदांत कुणाला काय आठवणार? मी तिथे शांतता ठेवायला लागलो. घड्याळ बघायचो नाही. पश्चात्तापाच्या स्तोत्र 51 ची 19 वचनं मनातल्या मनात सावकाश म्हणायचो. अडीच-तीन मिनिटं लागतात. पहिल्या रविवारी एक वडील उठून माझ्याजवळ आले. माझं पान हरवलं असं त्यांना वाटलं. लोकांनी डोळे उघडून पंख्यांकडे बघितलं, एक बाळ रडलं, कुणीतरी खोकलं. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी खोकणं थांबलं. म्हणून सांगतो, हे एकदा करून सोडायचं नाही. सहाही रविवार करायचं, आणि सुरुवातीचा अवघडलेपणा पुढाऱ्याने सहन करायचा.

शांततेनंतर कबुलीची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणायची. मग क्षमेचं वचन. माझ्या मते भक्तीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. पाळकाने पुस्तकातून मान वर करावी, लोकांकडे बघावं आणि 1 योहान 1:9 (आपण पापं कबूल केली तर देव क्षमा करतो) सारखं वचन सावकाश, पूर्ण, ऐकू जाईल असं म्हणावं. कबुली लांबवली आणि क्षमा उरकली तर माणसं आली त्याहून वाकून घरी जातात. एक बिडी कामगार भगिनी मला म्हणाली होती, "पाळक साहेब, चुका तर घरी पण सगळे सांगतात. इथं येते ते दुसरं ऐकायला." ते वाक्य मी नंतर कधी विसरलो नाही.

इथे दोन सावधगिरी. नाव घेऊन किंवा उभं करून जाहीर कबुली कुणाकडूनही घेऊ नका. लहान मंडळीत ती सोमवारपर्यंत सगळ्या गल्लीत पोचते, आणि ज्याने मन उघडलं तो पुन्हा येत नाही. दुसरी याहून मोठी. ज्याच्यावर अन्याय झालाय त्याच्यावर "क्षमा कर आणि मिटव" असा दबाव आणू नका. नवऱ्याचा मार खाणारी बाई कबुलीच्या वेळी डोळे मिटून बसलेली असते, तेव्हा तिला समेटाचा उपदेश नको असतो. तिला आसरा आणि मदत हवी असते. ती भक्तीबाहेर, लगेच, आणि पाळकाच्या बायकोने किंवा महिला मंडळाच्या समजूतदार भगिनीने सोबत राहून द्यायची.

कबुलीनंतरची पायरी मत्तय 5:23-24 मध्ये आहे. वेदीजवळ दान आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आम्ही लेंटमध्ये दानार्पणाआधी हे वचन वाचायला लागलो आणि मी एवढंच म्हणायचो, "या आठवड्यात एकाच माणसाचा विचार करा." पहिल्या वर्षी माझ्या कानावर काहीही आलं नाही. दुसऱ्या वर्षी जे आलं ते सांगतो. ज्या दोघींची ती गोष्ट आहे त्या आता प्रभूकडे गेल्या आहेत.

एकाच वाड्यात राहणाऱ्या दोन जावा. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि आलं की घर सोडून कुणी हलत नाही. त्यांचा नळ सामाईक. कुणाची घागर आधी लागली यावरून कधीतरी भांडण झालं आणि मग बोलणंच बंद. चर्चमध्ये थोरली पहिल्या बाकावर, धाकटी दाराजवळ, प्रभुभोजनाला वेगवेगळ्या रांगेत. एका रविवारी भक्ती सुटल्यावर थोरली दारात थांबली.

"मंगळवारी पाणी आलं," म्हणाली. "ती बाजाराला गेलेली. मी तिचं पिंप भरलं."

"मग? काही बोलली का ती?"

"नाही. पण ओतून नाही दिलं तिनं."

एवढंच सांगून ती चपला घालायला गेली. पुढच्या वेळी पाणी आलं तेव्हा धाकटीने थोरलीच्या घागरी नळाखाली आधी लावल्या. बोलणं सुरू व्हायला त्यानंतर पावसाळा उजाडला. हे मी कधी उपदेशात वापरलं नाही, आणि तुम्हीही तुमच्याकडचं असं काही घडलं तर वापरू नका. नवीकरण कसं दिसतं असं मला कुणी विचारलं की माझ्या डोळ्यापुढे ते भरलेलं पिंप येतं. गर्दीच्या प्रार्थनासभेत रडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, त्यांच्या रडण्याला मी खोटं म्हणत नाही. पण कुणाचं पिंप भरलं गेलं का, हे मी नंतर बघतो.

शास्त्रपाठाबद्दल. कोणत्या रविवारी कोणता उतारा वाचायचा ते ठरवणाऱ्या, प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या तीन वर्षांच्या वाचनक्रमातलं 2026 हे 'अ' वर्ष, आणि लेंटसाठी त्याच्यासारखं वर्ष नाही. दुसऱ्या रविवारी योहान 3 मधला निकदेम, तिसऱ्या रविवारी योहान 4 मधली शोमरोनी स्त्री, चौथ्या रविवारी योहान 9 मधला जन्मांध, पाचव्या रविवारी योहान 11 मधला लाजर. चारही लांब संवाद आहेत, आणि त्यातले शेवटचे तीन बाप्तिस्म्याच्या तयारीत फार जुन्या काळापासून वाचले जातात. तुमच्याकडे वाचनक्रम पाळत नसले तरी हे चार उतारे घ्या. एकट्याने वाचले तर लोक पेंगतात, म्हणून आवाज वाटून द्या. एक निवेदक, एक येशूचे शब्द वाचणारा, एक ती स्त्री. आमच्याकडे एकदा दहावीची परीक्षा चालू असलेल्या मुलीने शोमरोनी स्त्रीच्या ओळी वाचल्या. "मला नवरा नाही" या ओळीवर ती जराशी थांबली आणि बायकांच्या बाजूला एकदम शांत झालं. दुपारची वेळ, विहीर, पाणी भरायला एकटी आलेली बाई. सोलापुरात हे समजावून सांगावं लागत नाही. त्या दिवशी मी उपदेश बारा मिनिटांत संपवला, कारण काम वाचनानेच केलं होतं.

उपदेश एरवीही अठरा मिनिटांपुढे नेऊ नका. पाहुणे वक्ते सहा रविवारांत फार तर एकदा. पाहुण्याला तुमच्या मंडळीत कोण कुणाशी बोलत नाही हे ठाऊक नसतं. त्यामुळे त्याचा उपदेश सगळ्यांना लागू होतो, आणि जो सगळ्यांना लागू होतो तो शेजाऱ्याकडे ढकलणं सोपं जातं. आपल्या पाळकांनीच सहा रविवार सलग बोलावं. वाचलेला वेळ शांततेला आणि प्रभुभोजनाला मिळतो, आणि सगळं मिळून दीड तासात आटोपतं.

गाण्यांविषयी थोडंच. कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि मोठे स्पीकर लेंटमध्ये बाजूला ठेवा. पेटी, टाळ, फार तर मृदंग. कवी नारायण वामन टिळकांचा 1895 मध्ये बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांनी आपल्या मंडळीला अभंग-भजनाच्या वळणाची जी गीतं दिली ती या काळासाठीच असावीत इतकी साजतात, आणि तेलुगूभाषक आजीलासुद्धा त्यांची चाल पकडता येते. 'हालेलुया' शब्द ईस्टरपर्यंत न गाण्याची एक जुनी रीत आहे, ती आम्ही पाळली. संडे स्कूलची मुलं दर रविवारी विचारायची, "आता म्हणायचं का?" ईस्टरच्या पहाटे ती ज्या आवाजात ओरडली त्यासाठी सहा आठवडे गप्प राहणं सोसतं.

आता आठवड्यातल्या प्रार्थना. रोजच्या बंद करा, आठवड्यातून एक ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा असतात, आई घरात हवी असते. तुमचे तरुण पुण्याला नोकरीला. शनिवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसने येतात आणि रविवारी संध्याकाळी परत निघतात. त्यांना शुक्रवारची उपास-प्रार्थना मिळतच नाही, रविवार तेवढा मिळतो. मग रविवार थकलेला का ठेवायचा? जी एक प्रार्थना ठेवाल ती येणाऱ्यांच्या घरी ठेवू नका. जे वर्षभर आले नाहीत त्यांच्या घरी, आणि जे उठू शकत नाहीत त्यांच्या खाटेजवळ. पाच-सहा माणसं पुरेत. गेल्या गेल्या "चर्चला का येत नाही" हे विचारायचं नाही. चहा घ्यायचा, एक गीत, एक स्तोत्र, घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन प्रार्थना, आणि उठायचं. तुटलेल्यांना परत घेण्याची तयारी म्हणालो ती हीच.

उपासाची सक्ती कुणावर नको. साखरेचे रुग्ण, गरोदर बायका, आणि हजार विड्यांवर ज्यांची मजुरी ठरते त्या भगिनी, यांना उपाशी ठेवून काय साधायचं? यशया 58 वाचा. देवाला कोणता उपास हवा ते तिथे स्पष्ट आहे. आमच्या बायकांनी याऐवजी रोज स्वयंपाकाआधी एक मूठ ज्वारी डब्यात वेगळी काढायला सुरुवात केली. दर रविवारी डबा आणायचा. ती ज्वारी मंडळीतल्या दोन घरी पोचायची. कोणत्या घरी, हे तीनच माणसांना माहीत असायचं.

तुमची शेवटची तक्रार, ईस्टरनंतर सगळं पूर्ववत होतं, तिचं कारण मला असं वाटतं. आपण लेंटला सगळी ताकद लावतो आणि ईस्टरला समारोप समजतो. पंचांगात उलट आहे. उपासाचे दिवस 40, पण ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत) आनंदाचे 50. म्हणून बाप्तिस्मा किंवा दृढीकरण (मोठेपणी आपल्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी) घेणाऱ्या मुलांची तयारी लेंटमध्ये सुरू करा, आणि प्रत्येक मुलासोबत एक वडील माणूस जोडा, आईबाप सोडून दुसरं. दर रविवारी भक्तीनंतर दोघांनी वीस मिनिटं बसायचं, त्या दिवशीचाच उतारा पुन्हा वाचायचा. ईस्टरनंतरचे सात रविवारही तसंच. मुलांपेक्षा फरक त्या वडील माणसांत पडतो, हे मी अनेकदा पाहिलं. निवृत्त गिरणी कामगार, वर्षानुवर्षं मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसणारे, एका पोराने "काका, तुम्हाला प्रार्थनेत उत्तर कधी मिळालं?" असं विचारलं की त्यांना रात्रभर विचार करावा लागतो.

उत्तम शुक्रवारची, म्हणजे येशूच्या मरणाच्या दिवसाची, बारा ते तीनची भक्ती आहे तशी राहू द्या. तिच्यात माणसं ऊन सोसूनही येतात. फक्त प्यायचं पाणी, पंखे आणि म्हाताऱ्यांसाठी सावलीच्या बाजूचे बाक आधी बघून ठेवा, आणि येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात वक्ते असतील तर प्रत्येकाला दहा मिनिटांची मर्यादा घाला.

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे दोन रविवार होऊन गेले. तर या वर्षी सगळं करायला जाऊ नका. येत्या रविवारी शोमरोनी स्त्रीचा उतारा तीन आवाजांत, आणि कबुलीआधी स्तोत्र 51 एवढी शांतता. बाकीचं पुढच्या वर्षीसाठी पंचांपुढे ठेवा. भक्तीची वेळ मात्र शनिवारी एकदा तपासा. तुमच्या भागात पाण्याची पाळी रविवारी सकाळी येत असेल तर भक्ती तासभर पुढे ढकला आणि तसा निरोप घरोघर द्या, नाहीतर निम्म्या बायका नळापाशी असतील. आणि त्या स्त्रीच्या ओळी कोण वाचणार आहे तिचं नाव मला कळवा. शनिवारी रात्री मी तिच्यासाठी प्रार्थना करीन.